पीटची व्हिस्की चाखायची कशी

ग्लासगोत जानेवारीच्या सुरुवातीला चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. मी औषधांच्या दुकानातून सुटते तेव्हा मिट्ट काळोख झालेला असतो, बारीक पाऊस तिरका मारत असतो आणि घराचा दगडी जिना चढेपर्यंत बोटं आणि नाक दोन्ही बधिर होतात. अशा वेळी वाटतं, कोटसुद्धा न काढता आधी बाटली उघडावी. तसं करू नका. बधिर नाकाला वास येत नाही, आणि पीटची, म्हणजे दलदलीतल्या पीट नावाच्या जळणाचा धूर दिलेली व्हिस्की अर्ध्याहून जास्त नाकानंच चाखायची असते. घरात आल्यावर निदान अर्धा तास जाऊ द्या. कपडे बदला, गरम पाणी प्या, नाक वाहत असेल तर ते थांबू द्या. थंडी हवी ती खिडकीबाहेर. आपण आणि ग्लास, दोघंही उबेत हवेत.

हे मला शिकवलं खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी. त्यांचा जन्म आयला बेटावरचा. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या या बेटाचं इंग्रजी स्पेलिंग पाहिलं तर ‘इस्ले’ वाचावंसं वाटतं, पण तिथले लोक म्हणतात ‘आयला’. मराठी माणसाला एकदा सांगितलं की जन्मात विसरत नाही.

माझा पहिला अनुभव वाईट होता. नोकरीला लागल्यावर पहिल्याच हिवाळ्यात सहकाऱ्यांनी पबमध्ये नेलं आणि हातात लफ्रॉइग या आयलावरच्या व्हिस्कीचा ग्लास दिला. मी इतरांचं बघून मोठा घोट घेतला. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि नाकात जो वास भरला तो मी दिवसभर विकत होते तोच: आयोडीन, जखमेच्या पट्ट्या, जंतुनाशक. दुसऱ्या दिवशी जिन्यात आजोबा भेटले तेव्हा म्हटलं, तुमच्या बेटाची व्हिस्की मला काही झेपणार नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “किती वेळ घेतलास, पोरी?” म्हटलं, मिनिटभर. “मग तुझी फक्त धुराशी भेट झाली.”

सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे. पीटचा धूर आधी येतो आणि मोठ्यानं बोलतो. आपलं नाक मात्र कुठल्याही वासाला थोड्या वेळात सरावतं. पंधरा-वीस मिनिटं संयम ठेवला की धूर मागे सरकतो आणि त्याच्याखाली लपलेलं लिंबू, मध, नाशपाती, समुद्राचं मीठ हळूहळू वर येतं. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं ही वीस मिनिटं पदरात पाडून घेण्यासाठी आहे.

आधी धूर येतो कुठून ते बघू. पीट म्हणजे दलदलीत पाण्याखाली साचलेल्या वनस्पतींचा अर्धवट कुजलेला थर. पाण्यामुळे हवा पोचत नाही, म्हणून तो पूर्ण कुजत नाही. वर्षाला साधारण एक मिलिमीटर इतक्या संथपणे तो वाढतो. मीटरभर खाली गेलं की हजार वर्षांपूर्वीचं शेवाळ हाताला लागतं. आयलावर झाडं कमी, त्यामुळे तिथल्या पीटमध्ये लाकडाचा अंश थोडा आणि शेवाळ, हेदरची झुडपं, गवत जास्त. बेटावरच्या पोर्ट एलन गावाहून बोमोर गावाकडे जाणारा लांबलचक सरळ रस्ता याच दलदलीतून जातो. आजोबा लहानपणी वडिलांबरोबर पीट कापायला जायचे. लांब दांड्याच्या कुदळीनं ओल्या विटा काढायच्या आणि वाऱ्यात वाळायला रचून ठेवायच्या.

त्यांनी दिलेला एक तुकडा माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. साबणाच्या वडीएवढा, गडद तपकिरी, हातात घेतला की वाटतो त्यापेक्षा खूप हलका. मोडलेल्या कडेला केसांसारखी बारीक मुळं दिसतात. एकदा त्याचा कपचा चिमट्यात धरून गॅसवर जाळून पाहिला. लाकडासारखा तो भडकला नाही. कड लाल झाली, निळसर धूर निघाला, आणि गोडसर, मातकट, जरासा चामड्यासारखा वास घरभर पसरला. तुम्हाला असा तुकडा कुठे मिळाला तर हे जरूर करा, फक्त चाखायच्या दिवशी नको. एकदा हा वास डोक्यात बसला की ग्लासमध्ये पीट कुठे संपतं आणि बाकीचं कुठे सुरू होतं ते ओळखू येतं.

व्हिस्कीसाठी बार्ली म्हणजे जव भिजवतात, तिला मोड आणतात आणि मग ते मोड थांबवण्यासाठी भट्टीत सुकवतात. दाणा ओला असतानाच पीटचा धूर दिला तर तो टरफलाला चिकटतो. दाणा कोरडा झाला की चिकटत नाही. धुरातून दाण्यात उतरतात ती फिनॉल, क्रेसॉल, ग्वायकॉल ही संयुगं. ग्वायकॉलला शेकोटीसारखा वास असतो, क्रेसॉलला डांबर आणि औषधाचा. याच ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत १८६५ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी जखम सडू नये म्हणून कार्बोलिक आम्लात भिजवलेली पट्टी वापरली होती, आणि कार्बोलिक आम्ल म्हणजे फिनॉलच. तेव्हा लफ्रॉइगला दवाखान्याचा वास येतो असं कुणी म्हटलं तर ती नावं ठेवणं नाही, ते रसायनशास्त्र आहे. हे कळल्यावर माझं त्या वासाशी असलेलं भांडण निम्मं मिटलं.

बाटली निवडताना लोक पीपीएमचा आकडा बघतात, म्हणजे दहा लाख भागांत फिनॉलचे किती भाग. आयलावरच्या डिस्टिलऱ्यांपैकी बोमोर साधारण २५, लागावुलिन ३५च्या आसपास, लफ्रॉइग ४० ते ४५, आर्डबेग ५० ते ५५. पण हा आकडा सुकवलेल्या बार्लीवर मोजलेला असतो, ग्लासातल्या व्हिस्कीवर नाही. दळण, आंबवण आणि ऊर्ध्वपातन यांत बरंचसं फिनॉल मागे राहतं, आणि पिंपात वर्षं जातील तसा धूर आणखी मवाळ होतो. लागावुलिन आणि कल ईला या आयलावरच्या दोघींना पोर्ट एलनच्या एकाच मॉल्टगृहातून (बार्लीला मोड आणून सुकवतात तिथून) जवळजवळ सारख्याच पीटची बार्ली जाते, तरी एक जाड, गोड आणि काळसर लागते, दुसरी हलकी, लिंबासारखी स्वच्छ. फरक पडतो तांब्याच्या भांड्यांच्या आकारानं, ती किती भरतात त्यानं आणि ऊर्ध्वपातनातून येणारी धार पिंपासाठी घेणं कुठे थांबवतात त्यानं. जड, डांबरी संयुगं ऊर्ध्वपातनाच्या शेवटाकडे येतात; जो उशिरापर्यंत धार घेतो त्याच्या व्हिस्कीत ती जास्त उतरतात. आयलावरच्याच ब्रुकलॅडी डिस्टिलरीच्या ऑक्टोमोर मालिकेत तीनशेच्या वर पीपीएमची बार्लीही वापरली गेली आहे, पण म्हणून ती लफ्रॉइगच्या सातपट धुरकट लागत नाही. आकड्याच्या मागे लागू नका.

पहिल्यांदा चाखणार असाल तर माझं मत स्पष्ट आहे: कल ईला १२ (नावापुढचा आकडा म्हणजे पिंपातली वर्षं). धूर ठसठशीत असतो, पण दार अडवून उभा राहत नाही. ती आवडली की लागावुलिन १६ किंवा आर्डबेग १०. लफ्रॉइग १० तिसऱ्या-चौथ्या संध्याकाळी घ्या. ती मला सगळ्यात जवळची, आणि त्यात बेसी विल्यमसन यांचा वाटा आहे. ग्लासगो विद्यापीठात शिकलेल्या बेसी १९३४ मध्ये उन्हाळ्यापुरत्या टायपिंगच्या कामाला लफ्रॉइगला गेल्या आणि तिथेच राहिल्या. मालक इयन हंटर १९५४ मध्ये वारले तेव्हा डिस्टिलरी त्यांच्या हाती सोपवून गेले, आणि बेसींनी ती १९७२ पर्यंत सांभाळली. त्या काळात या धंद्यात बायका नावालाही नव्हत्या. आख्खी बाटली घ्यायची नसेल तर ५० मिलिलिटरची छोटी बाटली मिळते. दोन संध्याकाळी पुरते.

आता खोली. पीटची व्हिस्की शेकोटीपुढे बसून प्यावी असं चित्र सगळ्यांच्या डोळ्यापुढे असतं, आणि ते दिसायला सुंदर आहे. पण लाकूड जळत असलेल्या खोलीत नाक आधीच धुराला सरावलेलं असतं, मग ग्लासातला धूर निम्मा ऐकूच येत नाही. चाखायचं असेल तर हीटरच्या उबेतल्या खोलीत बसा. सुगंधी मेणबत्ती नको, अत्तर नको, कांदा परतलेल्या स्वयंपाकघराचं दार बंद. हातांकडेही लक्ष द्या. माझी एक आख्खी संध्याकाळ वाया गेली होती ती दुकानात दिवसभर चोळलेल्या सॅनिटायझरच्या वासानं. मी बिचाऱ्या व्हिस्कीला दोष देत बसले होते. बिनवासाच्या साबणानं हात धुवा, कोमट पाण्यात खळबळा, आणि मग क्रीम लावू नका.

ग्लास ट्युलिपच्या फुलासारखा हवा: खाली पोट, वर निमुळतं तोंड. रुंद तोंडाच्या ग्लासातून वास उडून जातो. वाइनचा लहान ग्लासही चालतो. नुसत्या गरम पाण्यानं धुऊन उलटा न ठेवता हवेत वाळू द्या. कपाटात पालथ्या ठेवलेल्या ग्लासात लाकडाचा कोंडलेला वास बसतो.

२५ मिलिलिटर ओता. इथल्या पबमध्ये एक माप म्हणजे बहुतेक तेवढंच, आणि ४० टक्के मद्याच्या व्हिस्कीत ते बरोबर एक युनिट, म्हणजे मद्य मोजायचं इथलं एक एकक होतं. चाखायला त्याहून जास्त लागत नाही. बर्फ नको. गारव्यानं फळांचा, फुलांचा वास दबतो आणि धुराची कडू बाजू तेवढी जिभेवर उरते. ओतल्यावर दहा मिनिटं ग्लासला हात लावू नका. पिंपातल्या प्रत्येक वर्षामागे एक मिनिट थांबावं असं काही जण सांगतात. मला दहा पुरेशी वाटतात, मग व्हिस्की कितीही वयाची असो.

वास घेताना ग्लास आधी हनुवटीपाशी धरा. तोंड किंचित उघडं ठेवा, म्हणजे मद्याचा भपकारा थेट नाकात चढत नाही. नाक ग्लासात खुपसून जोरात ओढलंत तर मद्यानं नाक भाजेल आणि पुढची पाच मिनिटं काहीच कळणार नाही. हळूच, छोटा श्वास. मग ग्लास बाजूला. मग ओठांपर्यंत आणून पुन्हा एक. नाक थकलं असं वाटलं तर स्वतःच्या स्वेटरच्या बाहीचा वास घ्या. आपला रोजचा वास नाकाला पुन्हा जागेवर आणतो. हेही आजोबांचंच.

गेल्या आठवड्यात कल ईलाबरोबर मी वहीत वेळ टाकून लिहिलं. पावणेआठला: पावसात भिजून विझलेली शेकोटी, ओली राख. दुसरं काही नाही. आठला पाच कमी: राख आहेच, पण कडेला लिंबाची साल, खवलेली, पांढऱ्या भागाच्या कडवटपणासकट. आठ वाजून पाचला राख शोधावी लागली. तिच्या जागी पिकली नाशपाती, बंदरावरची ओली दोरी आणि अगदी तळाशी कोरडं ओटचं बिस्किट. ग्लास तोच, व्हिस्की तीच, एक थेंबही अजून प्यायले नव्हते. तुमच्या वहीत हेच शब्द येतील असं नाही, यायलाही नकोत. बाटलीवर लिहिलेलं वर्णन आधी वाचू नका; ते वाचलं की नाक तेच शोधत बसतं.

पहिला घोट जिभेला सावध करण्यापुरता, चमचाभरही नाही. तो भाजेल, भाजू द्या. त्यावर मत बनवू नका. एखाद मिनिटानं दुसरा घोट घ्या आणि तो तोंडात दहा-बारा सेकंद फिरवा: जिभेचं टोक, कडा, टाळू. तेल लावल्यासारखा जाडपणा जाणवतो का, मीठ लागतं का, कडेनं मिरी चुरचुरते का, ते बघा. आता गिळा, तोंड मिटा आणि नाकावाटे सावकाश श्वास सोडा. ही एक कृती चुकवू नका. पीटचा खरा पसारा या परतीच्या श्वासात असतो. घशाकडून नाकात येणारा धूर ग्लासावरच्या धुरापेक्षा ऊबदार आणि गोड लागतो. मी पहिल्यांदा असा श्वास सोडला तेव्हा आजोबांकडे बघून नुसती हसले. त्यांनी ग्लास उचलून “स्लान्जे वा” म्हटलं. त्यांच्या गेलिक भाषेत त्याचा अर्थ उत्तम आरोग्य.

मग पाणी. पाणी घातलं की व्हिस्की बिघडली असं मानणारे लोक भेटतील, ऐकू नका. स्वीडनमधल्या लिनेयस विद्यापीठाच्या ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये संगणकावर पाणी, मद्य आणि ग्वायकॉल यांचं मिश्रण तपासलं. मद्य ५९ टक्क्यांच्या वर असेल तेव्हा ग्वायकॉल मद्याच्या रेणूंनी वेढलेलं द्रवाच्या आत राहतं. पाणी घालून प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली आणलं की ते पृष्ठभागाकडे सरकतं, म्हणजे आपल्या नाकाजवळ. पिंपातून काढून तशीच भरलेली कडक व्हिस्की असेल तर पाणी हवंच. ४६ टक्क्यांच्या आर्डबेगला मी आधी अर्धा चमचा घालते, वास घेते, मग उरलेला अर्धा. २५ मिलिलिटरमध्ये पाच मिलिलिटरचा चमचा पूर्ण घातला की ती ३८ टक्क्यांवर येते आणि लिंबामागून धूर पुन्हा एकदा, वेगळ्या अंगानं येतो. पाणी घरातल्या खोलीच्या तापमानाचं असावं. पाणी पडल्यावर व्हिस्की जराशी गढूळ झाली तर घाबरू नका. गार करून गाळलेली नसेल तर तिच्यातली तेलकट संयुगं पाण्यात नीट विरघळत नाहीत, त्याचं ते धुकं. मला तर ते दिसलं की बरं वाटतं.

बरोबर खायचं असेल तर निळ्या बुरशीचं चीज आणि ओटचं बिस्किट, किंवा काळं चॉकलेट. आयलावर ताज्या कालवांवर थोडी बोमोर ओतून खातात. पण खाणं चाखून झाल्यावर, वही मिटल्यावर. दोन व्हिस्की एकाच संध्याकाळी घ्यायच्या असतील तर हलक्या धुराची आधी, जड धुराची नंतर. उलट केलंत तर दुसरी पाण्यासारखी लागेल. तीन नको. तिसऱ्या ग्लासापर्यंत नाक थकलेलं असतं.

दुकानात रोज सांगते तेच इथेही सांगते. ज्या औषधाच्या पाकिटावर मद्य टाळा असं लिहिलंय ते चालू असेल तर बाटली बंदच राहू दे, महिनाभर थांबली तर ती नासत नाही. आणि त्या रात्री गाडीची किल्ली घेऊ नका. स्कॉटलंडमध्ये २०१४ पासून रक्तातल्या मद्याची मर्यादा इंग्लंडपेक्षा कमी आहे, १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम.

शेवटचा घोट घेतल्यावर ग्लास धुऊ नका. दोन थेंब तळाला राहू द्या आणि तो तसाच खिडकीत ठेवा. मी तो पीटच्या तुकड्याशेजारी ठेवते. रात्रभरात मद्य उडून जातं, धुरातली जड संयुगं मात्र काचेला धरून राहतात. सकाळी कामाला निघताना, बाहेर अजून अंधार असताना, ग्लास उचलून एक छोटा श्वास घ्या. तळाला तपकिरी गोल उमटलेला असतो. मद्याचा जराही चटका नसतो. गार राख, काळा चहा, चामडं आणि कधी कधी, लागावुलिन असेल तर, सुकवलेली अंजिरं. आजोबा म्हणतात त्यांच्या आईच्या घरात शिरल्यावर असाच वास यायचा. वहीत तेवढं लिहा आणि मग ग्लास गरम पाण्यानं धुऊन टाका.